पाकळी चालून राह्यली

"सर, आई गेली..." दोन महिन्यांपूर्वी आष्टीहून रमाचा फोन आला. तिच्या आईचं, सुभद्राबाईंचं नाव पुण्याच्या एका शास्त्रीय नियतकालिकाच्या अंकात छापून येणार होतं, आणि ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. छापलेला अंकच हातात ठेवू, चकित करू, असली माझी हौस. नडली.

सुभद्राबाई आमच्या शेजारच्या रानात कापूस वेचायच्या. मी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, कोळी शोधत बांधाबांधानं हिंडायचो. वेचणाऱ्या बायका हसायच्या. एके दिवशी सुभद्राबाईंनी हाक मारली, "सर, जल्दी या. ही पाकळी चालून राह्यली." वाळल्या पाकळीच्या रंगाचा, ज्वारीच्या दाण्याएवढा कोळी. मी चष्मा लावूनही त्यांना तो मला तीनदा दाखवावा लागला. तो मी पुण्याला पाठवला. तिथल्या संशोधकांनी कळवलं, कोळ्याची ही जात नवी आहे, तिला तुमचं नाव देतो. मी मुकाट्यानं हो म्हणालो. वर पेढे वाटले, आणि खुशाल एक सुभद्राबाईंच्याही हातावर ठेवला. त्यांना मनापासून आनंद झाला. "बराबर हाय, तुम्ही शिकेल माणूस. पण सर, तिनं अंडी घातली की बोंडाला आतून जाळ्याचं दार लावती, अन् पिल्लं निघस्तोवर काही खात न्हाई. ते लिवलं का?"

लिहिलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. दोन हंगाम कंबर वाकवून वेचता वेचता ही बाई हे बघत होती... मी जन्मभर पोरांना 'निरीक्षण करा' सांगत आलो. निरीक्षण म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. लाज तर वाटलीच, पण खरं सांगतो, हात जोडावेसे वाटले. घरी येऊन पुण्याला कळवलं, माझं नाव काढा, त्यांचं घाला.

अंक आला तो त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर आठवड्यानं. घेऊन आष्टीला गेलो. रमा कामाला गेल्ती. घरात सुभद्राबाईंच्या आई होत्या, नजर गेलेल्या. जयभीम झाला. म्हणाल्या, "वाचा." बाईचं नाव कोळ्याच्या जातीला देताना लॅटिनमध्ये शेवट बदलतो, 'सुभद्रा'चं 'सुभद्रे' होतं. मी वाचलं, "सुभद्रे."

कुणी हाक मारल्यासारखं त्यांनी दाराकडे तोंड वळवलं. गावाला त्यांची लेक म्हणजे रमाची आई, नाहीतर नुसती बाई. असं नावानं बोलावणाऱ्या या एकट्याच.

"दुसऱ्या मुलखातले लोकबी असंच म्हणतेन?"

"असंच. कायमचं."

"मंग अजून एक बार बोलवा तिला."