दीड मीटरचा पडदा

हॉलच्या खिडकीला पडदे हवेत, असं सासऱ्यांनी जाहीर केलं आणि कारण दिलं ऊन. खिडकी उत्तरेची. अंबरनाथला राहायला आल्यापासून त्या खिडकीत ऊन शिरलेलं मी पाहिलेलं नाही. तरी मी "हो बाबा" म्हटलं. खरं कारण मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

दर रविवारी नवरा भाजी आणायला गेला आणि मी आंघोळीला गेले की सासरे खिडकीच्या गजाला आरसा अडकवून मिशीला आणि डोक्याला कलप लावत. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात काळं किती झालं ते कळत नाही, म्हणून खिडकी. घरात कुणाला पत्ता नाही असा त्यांचा समज होता. आधी सासूबाई मदतीला असत. त्या गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, हा कारभार एकट्यानेच चालला होता. त्यात समोरच्या मोकळ्या जागेवर नवी बिल्डिंग उभी राहिली. तिच्या गॅलऱ्या इतक्या जवळ, की त्यांच्या कुकरची शिटी झाली की मी आमचा गॅस बंद करायला धावायचे.

शिंपी म्हणाला, लग्नसराई आहे, महिनाभर विचारू नका. म्हणजे चार रविवार गेले. सासऱ्यांना ते परवडणारं नव्हतं.

"आपणच करू," ते म्हणाले. "चौकोन तर कापायचाय."

सासरे मोरिवलीच्या एका कारखान्यात तयार माल तपासणारे अधिकारी होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजूनही पोळी ताटात पडली की आधी तिच्या कडा बघतात. माझं म्हणाल, तर शाळेत असताना शिवणाच्या तासाचा रुमाल मी आईकडून शिवून नेला होता आणि त्याला पहिला नंबर मिळाला होता. त्यानंतर मी सुईच्या वाटेला गेले नाही. अशा दोन जाणकारांनी काम हाती घेतलं.

सासऱ्यांनी स्टीलच्या पट्टीने खिडकी मापली. मग आलेखाच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने ड्रॉइंग काढलं. रुंदी दीड हजार मिलिमीटर, उंची बाराशे, मधून दोन सारखे भाग. खाली सही आणि तारीख. मला तपासायला दिलं. मी बराच वेळ बघितल्यासारखं केलं आणि छान आहे म्हणाले.

कापडाला आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो. सासऱ्यांना निळ्या फुलदाण्यांचं एक जाड कापड पसंत पडलं. पन्हा बरोबर बाराशे मिलिमीटर, म्हणजे खिडकीच्या उंचीएवढा. ड्रॉइंग त्यांनी दुकानदारापुढे ठेवलं. त्याने कागद आडवा धरला, उभा धरला आणि परत दिला.

"साईं, तीन मीटर लो," तो म्हणाला. "खिड़की से डबल लगता है. चुन्नट पड़ेगी, किनारा मुड़ेगा."

"डेढ़ मीटर," सासरे म्हणाले. "ड्रॉइंग के हिसाब से."

"अंकल, कम पड़ेगा."

सासरे माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "दुप्पट माल खपवतोय. कारखान्यात असे फार बघितलेत." मीही मान डोलावली. माणसाला शिवण येत नसलं की समोरचा फसवतोय यावर चटकन विश्वास बसतो.

दुकानदाराने दीड मीटर फाडून दिलं. सुईदोरा येत नाही म्हटल्यावर चिकटपट्टीचं एक रीळही दिलं. कड दुमडायची, मध्ये ही पट्टी घालायची आणि वरून इस्त्री फिरवायची, की चिकटली. आम्हाला पैसे परत देताना त्याचा चेहरा फार दुःखी होता.

दुपारी हॉलची फरशी पुसून कापड पसरलं. सासऱ्यांनी खडूने रेघा मारल्या, गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का पाहिलं, मग श्वास रोखून कापलं. मी इस्त्री केली. प्रत्येक कड एक इंच दुमडली, वर दांडा जाण्यापुरती जरा जास्त. एक दुमड तिरकी गेली तर त्यांनी "रिजेक्ट" म्हणून ती उचकटायला लावली. संध्याकाळी पडदे दांड्यावर चढले आणि आम्ही दोघं मागे सरकून उभे राहिलो.

पडद्याला एकही चुणी नव्हती. दोन फळ्या ठोकल्यासारखे ते ताठ उभे होते. खालून चार इंच खिडकी उघडी, आणि बरोबर मधोमध चार इंचांची फट. कापड आडवं वापरल्यामुळे सगळ्या फुलदाण्या आडव्या. नवरा आला, चपला काढता काढता म्हणाला, "या कुणी पाडल्या?"

"ड्रॉइंग बरोबर आहे," सासरे म्हणाले.

ते बरोबरच होतं. मला तेव्हा कळलं, की या माणसाने नोकरीभर फक्त तयार झालेला नग पाहिला. तो व्हायच्या आधी किती मोठा असतो हे बघणं दुसऱ्या खात्याचं काम होतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर आंघोळीला गेले. पडदे ओढून सासरे कलपाला लागले. उजेड फक्त फटीतून येत होता, म्हणून आरसा फटीत जरा खाली आणि त्यांचं तोंड बरोबर फटीसमोर. मी बाहेर येते तोच समोरच्या गॅलरीतून आवाज आला. बिल्डरला दिलेल्या जागेच्या बदल्यात तिथे फ्लॅट मिळालेल्या एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या.

"भाऊ, डावे बाजूची मिशी रायली ना. पांढरीच हाय अजून."

आरसा खाली आला. सासरे खोलीत गेले, दार लावलं. चहाला आले नाहीत. अर्धा तास झाला तरी दार बंदच. मला आधी हसू येत होतं, मग वाईट वाटायला लागलं, मग स्वतःचाच राग आला. दोन वर्षं मी पाहत होते, की त्यांच्या कानामागे आणि मानेवर पांढरे पट्टे राहतात आणि ते तसेच ऐटीत फिरायला जातात. माहीत नसल्याचं नाटक करण्यात मी त्यांचा मान ठेवतेय असं समजत होते.

मी कलपाची वाटी आणि ब्रश उचलला, दार वाजवलं. ते अर्धी मिशी हाताने झाकून पलंगावर बसले होते.

"बाबा, डावी बाजू राहिलीय," मी म्हटलं. "आणि कानामागेही राहतं. नेहमीच."

"नेहमीच?"

"दोन वर्षं."

 त्यांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

"मागचं ती तपासायची," ते म्हणाले.

मग उठले, हॉलमध्ये गेले आणि खिडकीकडे पाठ करून खुर्चीवर बसले. मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. कान जरा पुढे दुमडला. आजी मेथी बाजूला ठेवून बघत होत्या.

"पडदा सरकव," सासरे म्हणाले. "तुला मागचं दिसायला हवं."