पाण्यातून दिसणारी बत्ती

“हनुवटी खाली. अजून थोडी. हां, आता समुद्राकडे बघा.”

पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या प्रत्येकाला काका हेच सांगायचे. दुकान घाटकोपरला, भटवाडीच्या एका गल्लीत. समोर भिंत आणि भिंतीपलीकडे फरसाणवाला. एकदा एक मुलगा म्हणाला, “समुद्र कुठंय काका? इथे तर गाठिया तळतायत.”

“तळू दे रे. तू त्यांच्या पलीकडे बघ.”

मुलगा हसला, मग खरंच पलीकडे बघू लागला, आणि काकांनी बटण दाबलं. त्या भागातल्या कुणाचं ओळखपत्र तुमच्या हाती आलं तर नीट बघा. फोटोतला माणूस थोडं लांबचं बघत असेल, तर तो फोटो आमच्या दुकानातला असायची शक्यता आहे.

‘आमच्या’ म्हणते, कारण मी तिथे दोन वर्षं काम केलं. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. काका फोटो काढायचे, मी कॉम्प्युटरवर मागचा पडदा पांढरा करायची, डोळ्यांखालचं काळं कमी करायची. “जास्त पुसू नको बाय,” ते मागून म्हणायचे. “आयशीने ओळखला पाहिजे.”

दुकानाच्या आतल्या भिंतीवर मात्र माणसांचा एकही फोटो नव्हता. तिथे दीपगृहं होती. पांढरी, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, एक लाल टोपीचं. सगळी संध्याकाळची, दिवा नुकताच लागलेला, आणि प्रत्येक फोटोत खाली पाणीच पाणी. मी मानखुर्दला राहते, आमचं गाव जालन्याकडे. आमच्या घरात समुद्राचा विषय कधी निघत नाही. त्यामुळे हे फोटो असे का आहेत हे मला बरेच दिवस कळलंच नाही. मग विचारलं.

“होडीतून काढलेत,” काका म्हणाले. “जमिनीवरून बत्तीचा फोटो काढून काय उपयोग? ती जमिनीवरच्या माणसासाठी नाहीच.”

गंमत म्हणजे काकांना बोट लागायची. होडी हलली की संपलंच. एकदा मी आणि काकू त्यांच्याबरोबर अलिबागच्या पुढे गेलो होतो. काकूंनी आवळासुपारी, लिंबू, पिशव्या, सगळं बरोबर घेतलेलं. होडीवाला पाच मिनिटांत हैराण.

“अहो मामा, इतका त्रास होतो तर येता कशाला?”

“तू हाक रे गपचूप. सूर्य थांबणार नाही.”

त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा नाडीने मनगटाला बांधला होता. एका हाताने होडीची कड धरून ते पाण्यात ओकायचे, तोंड पुसायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचे, परत खाली वाकायचे. मला हसू येत होतं आणि हसायची लाजही वाटत होती. काकू अजिबात हसत नव्हत्या. किनारा धूसर झाला, खडकावरचा दिवा लागला, तेव्हा काकांनी सहा-सात फोटो काढले आणि होडीवाल्याला म्हणाले, “इथून दिसतो. वळव.”

येताना जेट्टीवर बसून काकूंनी मला सगळं सांगितलं. काकांचा धाकटा भाऊ मच्छीमारी लाँचवर खलाशी होता. गिरणी बंद पडल्यावर वडील गावी परतले, तेव्हा त्या भावाला दुकानात यायचं होतं. काका म्हणाले होते, एवढ्याशा दुकानात दोघं काय करणार? मग तो लाँचवर गेला. तेवीस वर्षांपूर्वी वादळात लाँच बुडाली. बाकीचे मिळाले, कुणी जिवंत, कुणी नाही. तो मात्र कोणत्याच रीतीने मिळाला नाही.

पुढचं काकांनीच सांगितलं, एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना. “आयेला वाटायचं तो काळोखात गेला. तेच घेऊन बसलेली, जेवायची नाही. मग मी लाँच बुडाली तिथे होडी घेऊन गेलो. तिथून बत्ती दिसते की नाही बघायला. दिसत होती गं, चांगली दिसत होती. मी फोटो काढून आयेला दाखवला. म्हटलं, बघ, तो काळोखात नव्हता, त्याला आपला किनारा दिसत होता.”

“मग?”

“मग काय. ती म्हणाली, बत्ती दिसता मां? मगे येतलो तो.”

काका थोडा वेळ लेन्स पुसत राहिले. “मी सांगायला काय गेलो, तिने ऐकलं काय. आणि त्या दिवशी ती जेवली. आता ‘नाही’ कसं म्हणू?”

तेव्हापासून हे सुरू होतं. प्रवाहाने तो खाली गेला असेल तर, म्हणून पुढची बत्ती. वर गेला असेल तर, म्हणून अलीकडची. वर्षातून दोन-तीन वेळा शटर ओढून काका जायचे, ओकत ओकत फोटो काढायचे आणि आजीला, म्हणजे त्यांच्या आयेला, आणून दाखवायचे. आख्ख्या भटवाडीतल्या गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो आमच्याच दुकानात बनायचे. भावाचा मात्र बनवायचा नव्हता. पितृपक्षात वडिलांचं पान वाढलं जायचं, भावाचं नाही. नातेवाईक म्हणायचे, विधी करून टाका, त्याला तरी मोकळं करा. काका म्हणायचे, “आये आहे तोवर नको.”

“तुम्हाला वाटतं काका, ते येतील?” मी धीर करून विचारलं होतं.

“वेडी आहेस काय? मला पहिल्या दिवशीच कळलं. पण तिच्यासमोर बोलू नकोस हां.”

मी नाही बोलले. फोटोंचे प्रिंट घेऊन बऱ्याचदा मीच वर खोलीत जायची. आजी खिडकीजवळच्या खाटेवर बसलेली असायची. प्रिंट नाकाजवळ धरून विचारायची, “ह्या खंयचा गो?” मी गावाचं नाव सांगायची. ती मान हलवायची, म्हणायची, “येतलो,” आणि फोटो उशाखाली सरकवायची. मला वाटायचं, बिचारी. तिच्याशी खोटं वागतोय आपण सगळे, असंही वाटायचं.

गेल्या श्रावणात काका गेले. दुकानातच, एका बाईंना “हनुवटी खाली” सांगता सांगता स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत. मी लायब्ररीत होते. फोन आला तेव्हा मी पुस्तक परत करण्याच्या रांगेत उभी होते आणि, का कोण जाणे, माझा नंबर येईपर्यंत रांगेतच थांबले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांचा फोटो मीच केला. डोळ्यांखालचं काही पुसलं नाही.

तेराव्याच्या सकाळी मी मदतीला गेले. आमच्या घरी हे विधी नसतात, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले, कुठे पाऊल टाकावं हे कळत नव्हतं. आजीने मला जवळ बोलावलं. उशाखालचे सगळे फोटो तिने मांडीवर घेतले होते.

“माझ्या धाकट्याक पोहूक येय नव्हता, बाय,” ती म्हणाली.

मी तांब्या खाली ठेवला.

“माका तेव्हाच कळला होता. पण ह्यो सगळा आपल्यावर घेवन बसलेलो. दुकानात घेतलंय नाय, म्हणान गेलो, म्हणायचो. मी ‘येतलो’ म्हणायचंय, म्हणान ह्यो भायर पडायचो. नायतर फोटो धुवच्या त्या काळोख्या खोलीत बसान कुजलो असतो.”

मला काकांचं बोलणं सांगायचं होतं. त्यांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते फक्त तुमच्यासाठी जात होते, असं. तोंडाशी आलं होतं. पण आता ते सांगून कुणाचं काय होणार होतं? तेवीस वर्षं दोघं एकमेकांसाठी वाट बघत होते, आणि त्यातलं एक माणूस उरलं होतं. मी नुसता तिचा हात धरून बसले.

मग आजीने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. “सुनबाय, दोन पानां वाढ गो. धाकट्याचाय.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. काकू पदर सावरत दारात आल्या. रडल्या नाहीत. दुसरं केळीचं पान पुसून त्यांनी पहिल्याशेजारी मांडलं. पहिल्या पानावर काकांच्या आवडीचं सगळं होतं: काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, अळूचं फदफदं. दुसऱ्या पानापाशी त्या डाव हातात घेऊन थांबल्या. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी धाकटा लाँचवर गेला होता.

“आये,” त्यांनी हळूच विचारलं, “भावजींना काय आवडायचं?”

आजीने खिडकीकडे बघितलं, मग मांडीवरच्या फोटोंकडे, एकेक फोटो उलटापालटा करत, जणू त्यात कुठे लिहिलेलं असेल.

“माका आठवणा नाय गो,” ती म्हणाली.

काकू तशाच उभ्या राहिल्या. त्या घरात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याचं पान शेजारीच वाढलेलं होतं.