शेवंताने नाकारलेलं तेल

बाळू, ये रे इकडे, जवळ बस. पेपरातून बोलते तुझ्याशी, कारण फोन तू उचलत नाहीस. काय म्हणावं तुला? सख्खी बहीण गेली, तू आलास, दारातच उभा राहिलास आणि माती होताच एसटी धरलीस… घोटभर चहासुद्धा नाही.

वाचणाऱ्यांना सांगते, शेवंता म्हणजे घाटकोपरच्या डोंगरावरची माझी शेजारीण, भिंतीला भिंत. गेल्या महिन्यात गेली. बाळू तिचा धाकटा भाऊ, गावी शेती करतो. लग्नाआधी शेवंताही तिथे कापसावर फवारायची. पिंपात औषध ओतायचं आणि हातानंच ढवळायचं, काठी कोण शोधतंय! संध्याकाळी पंप ओढ्यात धुवायचा. "मासे पोट वर करून तरंगायचे," ती सांगायची, "आम्ही पोरी म्हणायचो, बरं झालं, आयते मिळाले." खाल्ले? "खाल्ले की. मग उलट्या." पुढे तिची बोटं कायम थरथरायची, सुईत दोरा मीच ओवून द्यायचे. शेवटी मूत्रपिंडं गेली. फवारणीमुळंच गेली का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही सांगत नाही.

तिला नातू झाला तेव्हा बाळू आला, घाण्याचं करडईचं तेल घेऊन. आणलं कशात, तर फवारणीच्या रिकाम्या कॅनमध्ये. गावात तसंच करतात, झाकण घट्ट बसतं, सांडत नाही. लेबल खरवडलेलं होतं, तरी शेवंताने झाकण उघडून वास घेतला.

"बाळ्या, कॅन कशाचा रे हा?"

"राखेनं घासलाय गं आक्का. गरम पाण्यानं धुतलाय."

"प्लास्टिक पितं ते. धुऊन जात नाही."

"अख्खं गाव वापरतं. कोण मेलं?"

"तू मोजायला बसला होतास?"

सून मधे पडली, "मामा एवढ्या लांबून घेऊन आलेत. खायला नको तर बाळाला चोळायला होईल ना."

"चोळायला तर अजिबात नाही!" शेवंता एवढ्यानं ओरडली की मी भिंतीपलीकडून धावत गेले.

"मुंबईची झालीस तू," बाळू म्हणाला. "माहेरचं तेल नको झालं." आणि वाढलेल्या ताटावरून उठून गेला.

मी म्हटलं, ओत गटारात. तर म्हणे, "गटार खाडीत जातं. आता तिथले मासे मारू?" मग सुनेच्या नेलपॉलिशने कॅनवर 'विष' लिहिलं आणि पिशवीत बांधून मोरीवरच्या फळीवर ठेवला. अजून तिथेच आहे. कुठे टाकायचा, कुणालाच कळत नाही.

दवाखान्यात एकदा म्हणाली, "बाळ्याला सांग, तेल चांगलं होतं. झाकण काढल्यावर आधी आपल्या करडईचाच वास आला… दुसरा मागून आला."

सांगितलं बघ. आता घरातल्या रिकाम्या कॅनना भोकं पाड, पोरं त्यात पाणी भरतात. आणि लवकर ये बाबा. तेल आण, स्टीलच्या डब्यात आण. आक्काचा नातू भिंत धरून उभा राहायला लागलाय. त्याच्या पायांना तुझ्या हातानं चोळ.