त्या एका वाक्याची फर्माईश

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. बोलायला बरी आहे म्हणून गावातली मंडळं अधूनमधून मला मुलाखती घ्यायला बोलावतात. गेल्या वर्षी एका महिला मंडळानं वर्धापनदिनाला एका जुन्या अभिनेत्रीला बोलावलं. त्यांचं नाव लिहिलं तरी पुष्कळांना पटकन आठवणार नाही. त्यांनी केलेली ती एक सासू मात्र कुणी विसरलेलं नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या सुनेला ऐकवलेलं ते वाक्य, "या घरात पाणीसुद्धा मला विचारून पितात." आमच्या लहानपणी कुणी बाई सुनेवर जरा आवाज चढवून बोलली तरी आळीतल्या बायका तिला त्या सासूच्याच नावानं ओळखायला लागत.

बाई मूळच्या अकोल्याच्या. काम थांबल्यावर मुंबई सोडून अकोल्यातच जठारपेठेत मुलाकडे राहायला आल्या होत्या. मंडळानं गाडी केली आणि त्यांना आणायला मीच गेले. वाटेत ओळख होईल, प्रश्न काढता येतील, असा माझा हिशेब होता.

दार उघडलं ते बाईंनीच. पांढऱ्या केसांची, बुटकी, सुती साडीतली बाई. मी खाली वाकून नमस्कार केला आणि वर येताना पहिलं काय केलं, तर त्यांच्या कमरेकडे पाहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. "किल्ल्या नाहीत," म्हणून त्या हसल्या. मलाही हसू आलं. तेव्हा लाज वाटली नाही, नंतर वाटली.

मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी छान गप्पा मारल्या. अकोल्याच्या शाळेतलं पहिलं नाटक, वडिलांचा विरोध, मुंबईतल्या पहिल्या खोलीतले ढेकूण. अमरावतीकडच्या माणसाशी बोलताना त्यांची वऱ्हाडी मोकळी झाली होती. मी वहीत टिपून घेत होते. चहाला थांबलो तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "एक गोष्ट सांगू का तुले? ते पाण्याचं वाक्य मले स्टेजवर बोलायले लावू नोको. बाकी काही बी विचार."

मी म्हटलं, "नाही लावणार. पण लोक मागतील हो ताई."

"लोकायचं मी पाहून घेईन. तू मागू नोको."

मग कारण मी विचारलं नसतानाही त्यांनी सांगितलं. त्यांच्या सुनेची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तीन वर्षं डायलिसिस चाललं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, दिवसाचं एवढंच. मुलगा दिवसभर कामावर, म्हणून पाण्याची बाटली बाईंच्या ताब्यात. उन्हाळ्यात सून म्हणायची, "आई, एक घोट द्या ना," आणि यांनी नाही म्हणायचं.

"पहिले पहिले तीच हसे," त्या म्हणाल्या. "म्हणे, पाहा आई, सिनेमा खरा झाला तुमचा. मी बी हसो. मंग तिनं हसणं सोडलं. दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या बाया मले पाहून कुजबुजत. ती गेली त्या दिवशी घरी भेटायले आलेली एक बाई म्हणे, शेवटपर्यंत पाणी विचारूनच प्यावं लागलं बिचारीले. मले ऐकू आलं."

मी त्यांचा हात धरला. माझे डोळे भरून आले होते, ते खरे होते. "तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले. हे शब्द मी अगदी नीट उच्चारले होते.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. हॉल भरलेला. पहिला अर्धा तास बरा गेला. बाई साधं बोलत होत्या. नर्सच्या, मोलकरणीच्या, आत्याच्या भूमिका, आवाज जपायला काय करायच्या ते. पण ते सिनेमे कुणी पाहिलेले नव्हते. मागच्या रांगांत मोबाइल निघाले. दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या. पुढच्या रांगेतून अध्यक्षबाईंनी चिठ्ठी पाठवली, "तो डायलॉग घ्या."

चिठ्ठी आली म्हणून मी विचारलं, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. चिठ्ठी हातात येण्याआधीच माझं मन तिकडे वळलेलं होतं. उठून चाललेल्या बायका मला दिसत होत्या आणि ही मुलाखत पडली तर पुढच्या वेळी मला कोण बोलावणार, हा विचार मी केला होता. मी माइक जवळ घेतला आणि गोड हसून म्हणाले, "ताई, आता रसिकांचा एक आग्रह आहे. तुम्हाला कळलंच असेल कोणता."

हॉलमध्ये तोवर कुणी तोंडही उघडलेलं नव्हतं. आग्रह माझा होता. मी तो त्यांच्या नावावर खपवला.

मग मात्र हॉल जागा झाला. टाळ्या, "हो हो, होऊन जाऊ द्या," एक शिट्टीसुद्धा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. समोरच्या माणसाला आपलं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं की काय, असं त्या पाहत होत्या. मग त्या उठल्या, पदर खोचला, आणि म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, तोच थंड आवाज. माझ्या अंगावर काटा आला आणि मीही टाळ्या वाजवल्या. हेही लिहायला हवं, की टाळ्या मी मनापासून वाजवल्या.

त्या बसल्यावर मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "नोको," एवढंच म्हणाल्या. पुढच्या चार प्रश्नांना त्यांनी नीट उत्तरं दिली. शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं. त्यांना अकोल्याला पोचवायलाही मीच जायचं ठरलं होतं. मी अध्यक्षबाईंना सांगितलं की मला पेपर तपासायचे आहेत, आणि एका कार्यकर्तीला गाडीत बसवून दिलं. गाडीची काच वर होती. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. पेपर तर मी आदल्या आठवड्यातच तपासून दिले होते.

दुसऱ्या दिवशी त्या वाक्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागला. मला तो सात-आठ जणांकडून आला. माझ्या बहिणीनं लिहिलं, "काय घेतलीस गं मुलाखत, मस्तच." मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग एका संध्याकाळी बाईंच्या मुलाचा फोन आला. आवाज शांत होता. "मॅडम, तो व्हिडिओ काढता येईल का? माझ्या सासुरवाडीच्या ग्रुपवर आलाय. तिच्या आईनं पाहिला." मी मंडळात फोन केले. ज्या बाईनं तो टाकला होता तिनं काढला. पण तोवर तो कुठे कुठे गेला होता, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

बारा-तेरा दिवसांनी एका रविवारी मी एसटीनं अकोल्याला गेले. काय बोलायचं ते बडनेऱ्यापासून मनात जुळवत होते. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा टाकला. भिंतीवर सुनेचा फोटो होता. हसरी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. पहिल्यांदा आले तेव्हाही तो तिथेच असणार. मी पाहिला नव्हता.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणाले. जुळवलेलं बाकी सगळं गेलं होतं.

"हाव," त्या म्हणाल्या. "चुकलंच."

आणि चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मला वाटत होतं त्या म्हणतील, जाऊ दे. मी त्याची वाट पाहत होते, हे मला बसल्या जागी कळत होतं.

तेवढ्यात शेजारची बाई आली, सोबत तिच्या नागपूरच्या पाहुण्या. त्यातल्या एका पाहुणीनं दारातच हात जोडले. "अय्या, याच का त्या! ते पाण्याचं म्हणून दाखवा ना एकदा." आणि मोबाइल काढला.

मी उठून उभी राहिले. "नको हो, त्यांना बरं नाही," मी जरा जोरातच म्हणाले. वाटलं, निदान एवढं तरी.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्यायले काहून अडवून राहिली तू?" त्या म्हणाल्या. "त्यायले मी काही सांगतलं नवतं. त्यायले काय मालूम."

मग त्या पाहुणीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, मान ताठ केली, आणि वाक्य म्हटलं. पाहुणी खूश झाली, फोटो झाले, शेजारीण सगळ्यांना घेऊन गेली. बाईंनी माझा कप उचलून आत नेला. मोरीत भांडी घासल्याचा आवाज आला. मी चपला घातल्या आणि "येते ताई," म्हणाले. आतून, "ये," असं उत्तर आलं.

त्यानंतर मी दोन मुलाखतींना नाही म्हणाले, तिसऱ्या वेळी गेले. बाईंना दिवाळीला फोन केला होता. मुलानं उचलला, आई झोपली आहे म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते.