पाच देवळांचा फेरा

बायकोने मला फ्रान्सला पाठवलं ते एका कामासाठी. नात आठ महिन्यांची झाली होती, आजोबा तिला बघायला चाललेत, हे लोकांना सांगायचं कारण. खरं काम तिने बहारीनमधल्या मुहर्रकच्या विमानतळावर मला सोडताना पुन्हा एकदा बजावलं. "पोरीला विचार, बाळाचा बाप्तिस्मा कधी करणार. उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नकोस."

ती स्वतःच जाणार होती, पण ती ज्या हॉस्पिटलात नर्स आहे तिथे त्या महिन्यात माणसं कमी होती आणि तिची लीव्ह नामंजूर झाली. माझी मंजूर झाली. मी त्याच विमानतळावर सत्तावीस वर्षं सामानाच्या विभागात आहे. एका जागी बसून राहणं मला कधी जमलं नाही, त्यामुळे ते काम मला मानवलं. मात्र एखादी अवघड गोष्ट समोरच्याला तोंडावर विचारायची म्हटली की माझी जीभ टाळूला चिकटते. हे बायकोला लग्नापासून ठाऊक आहे. तरी तिने मला पाठवलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

आमची मुलगी बहारीनमध्येच वाढली. आम्ही वसईचे, घरात मराठी बोलणारे. तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. शिकायला फ्रान्सला गेली, तिथेच नोकरी लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. तेही देवळात नाही (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), नगरपालिकेत सही करून. बायकोने तो घोट गिळला. बाळाच्या बाबतीत ती गिळायला तयार नव्हती.

मुलीचं घर फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतल्या एका खेड्यात. मे महिना होता, तरी मी दोन स्वेटर घालून फिरत होतो. पहिल्या दिवशी वाटलं, प्रवासाचा शीण आहे, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी जावई घरी होता. तिसऱ्या दिवशी बाळाला दात येत होते. रोज संध्याकाळी बहारीनहून फोन यायचा.

"बोललास का?"

"अजून नाही. वेळ बघतोय."

"पाच दिवस वेळच बघतोयस?" पाचव्या दिवशी ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. "ऐक. नाहीच विचारता आलं, तर तूच कर."

"मी? मी काय फादर आहे?"

"फादर लागत नाही. मी केलाय एकदा, वसईला असताना. बाळ जगणार नव्हतं, आईने हात जोडले, मी नळाच्या पाण्याने केला. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे, नुसतं बोट लावून चालत नाही. आणि शब्द पूर्ण म्हणायचे. बस."

"ते बाळ मरत होतं. आपलं चांगलं धडधाकट आहे."

"तू कर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी मुलगी लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "पपा, यू आर मेकिंग मी डिझी." मी खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत होतो. तिने सासूला फोन केला. अर्ध्या तासात विहीणबाई दारात हजर. सत्तरीच्या आतबाहेरची, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेली, आडव्या बांध्याची बाई. तिने जावयाचे बूट माझ्यापुढे ठेवले. ते मला दोन नंबर मोठे होते म्हणून मोज्यांचे दोन जोड चढवले. मुलीने नकाशा दाखवला. गावातून निघायचं, पाच देवळं करत गोल फिरून गावातच परत यायचं. अकरा किलोमीटर. बाळही बरोबर येणार, कारण मुलीची दिवसभर मीटिंग होती. झोळी माझ्या छातीशी बांधली. विहीणबाईला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं आणि मला फ्रेंचमधलं "मेर्सी" एवढंच.

पहिलं देऊळ गावातलंच, मोठं, काळसर दगडाचं. दार उघडं, आत कोणी नाही. दारावर कागद होता. मुलीने नंतर सांगितलं की मिस्सा, फादरने करायची सामूहिक प्रार्थना, महिन्यातून एकदाच होते, कारण फादर बारा गावं मिळून एक. बहारीनला मनामातल्या आमच्या देवळात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पाय ठेवायला जागा नसते. मल्याळी, कोंकणी, फिलिपिनो, मिस्सा एकामागून एक सुरूच. इथे एवढी मोठी वास्तू आणि रिकामे बाक. मी गुडघे टेकले, पण मन लागेना. बाळाच्या डोक्यावरची लोकरीची टोपी माझ्या हनुवटीला टोचत होती.

गावाबाहेर पडल्यावर वाट खाली उतरली. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीपेक्षा उंच बांध, त्यावर झाडं, वर फांद्या एकमेकींत अडकलेल्या. बहारीनमध्ये कुठेही उभे राहा, लांबचं दिसतं. इथे पुढचं वळणसुद्धा दिसत नव्हतं. खांबांवर आणि झाडांवर पिवळा पट्टा रंगवला होता, तो दिसला की वाट बरोबर. मी एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ पळत होतो. मागून विहीणबाई ओरडायची, "दूसमाँ! दूसमाँ!" तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा समजलं की हळू म्हणतेय.

दुसरं देऊळ एका शेताच्या कडेला, आपल्या दोन खोल्यांच्या घराएवढं. दाराला कुलूप. मी पुढे निघालो तर विहीणबाईने कोटाच्या खिशातून वीतभर लांब लोखंडी किल्ली काढली. आत गेल्यावर तिने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि सरळ झाडायला लागली. मी वेदीसमोर गुडघ्यावर होतो, तिने माझ्याभोवतीनं झाडून घेतलं. लाकडी संताचा रंग उडाला होता, नाक झिजलं होतं. तिने पदराने पुसावं तसं आपल्या स्कार्फच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. मी हात जोडून तिच्याकडे बोट दाखवलं : तुम्ही प्रार्थना करता का? ती हसली आणि मान हलवली. नाही. मग झाडू जागेवर ठेवला, दार ओढलं, किल्ली फिरवली.

मला ते कोडं सुटेना. देवळाची किल्ली हिच्या खिशात, संताचं तोंड ही पुसते, आणि हिच्या मुलाच्या लग्नात फादर नाही, नातीचा बाप्तिस्मा नाही. मी मनात तिच्याशी भांडत चाललो होतो. तुम्ही आजी ना? तुम्हाला काहीच वाटत नाही?

तिसरं देऊळ बंद होतं आणि त्याची किल्ली दुसऱ्या कोणाकडे. चौथं एका खळग्यात, ओढ्याच्या काठी, सगळ्यात लहान. त्याच्या मागच्या बाजूला दगडात बांधलेला झरा होता. वर छोटी कमान, कमानीत हात तुटलेली मूर्ती, खाली चौकोनी कुंड आणि त्यात स्वच्छ पाणी. विहीणबाई छपराचा एक दगड निखळला होता तो बघायला पुढच्या बाजूला गेली. मी आणि बाळ एकटेच उरलो.

बाळ जागं होतं. पाण्याकडे बघत होतं. बायकोचे शब्द कानात होते. पाणी वाहिलं पाहिजे. शब्द पूर्ण. मी टोपी काढली. वाकून पसाभर पाणी घेतलं. टोपी धरलेला हात बाळाच्या पाठीला, दुसऱ्यात पाणी. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. "मी तुझा बाप्तिस्मा करतो," इथवर मी पुटपुटलो असेन.

माझ्या मनगटावर हात पडला. विहीणबाईचा. जोर नव्हता त्यात, पण हात हलला नाही. पाणी बोटांमधून गळून गेलं. मग तिने खिशातून मोबाईल काढला, त्यात भाषांतराचं काहीतरी सुरू केलं आणि फ्रेंचमध्ये बोलली. मोबाईलमधल्या बाईने सपाट मराठीत सांगितलं :

"माझ्या सासूने माझा मुलगा चोरला आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतले. मी कामावर होते. चार वर्षे मी तिच्या घरात प्रवेश केला नाही. नंतर तिचा मृत्यू झाला."

तिने मोबाईल माझ्या तोंडाशी धरला. आता तुमची पाळी.

मी मराठीत म्हणालो, "मी फक्त टोपी काढत होतो."

मोबाईलने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातली टोपी घेऊन बाळाच्या डोक्यावर घातली, कानांवरून नीट ओढली, आणि वाटेला लागली. पाचव्या देवळात मी गेलो नाही. ती आत जाऊन आली, मी बाहेर क्रूसाच्या पायरीवर बसून राहिलो. घरी पोचल्यावर तिने सुनेला काय सांगितलं, कोण जाणे. बहुतेक काहीच नाही. मुलीने मला सूप दिलं आणि पाय दुखतात का विचारलं.

संध्याकाळी फोन आला. "बोललास?"

"नाही."

"मग? केलास?"

मी खिडकीपाशी उभा होतो. "हो," मी म्हणालो. "झालं."

पलीकडे ती रडत असल्याचं कळलं. "पाणी वाहिलं ना नीट?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तेवढ्या शब्दाने तिचं आठ महिन्यांचं ओझं उतरलं, आणि माझ्यावर आलं.

मी बहारीनला परतलो तर मनामाच्या हूरा वस्तीतलं आमचं घर बदललेलं. बायकोने फुगे, म्हणजे आमच्याकडे सणाला करतात ते मैद्याचे गोळे, तळले होते, हॉस्पिटलच्या वॉर्डात वाटले होते, शेजारी दिले होते. "कशाबद्दल?" असं विचारणाऱ्यांना ती म्हणे, "असंच, आनंद झाला म्हणून." रोज संध्याकाळच्या रोझरीत ती नातीचं नाव घेऊन आभार मानायची आणि मी "आमेन" म्हणायचो. शुक्रवारी मिस्सेला मी पार्किंगला जागा नाही असं सांगून बाहेरच थांबायला लागलो. उन्हाळाभर, चाळीसच्या वर पारा असताना, शिफ्ट संपली की मी घरी न जाता हूऱ्याच्या गल्ल्यांमधून चकरा मारायचो. हॉटेलं, मोबाईलची दुकानं, परत हॉटेलं. एकदा एका ओळखीच्याने विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हणालो, "डॉक्टरने चालायला सांगितलंय."

नोव्हेंबरात तिची लीव्ह मंजूर झाली. डिसेंबरात ती जाणार. त्याच आठवड्यात ती एक पांढरा झगा घेऊन आली, लेस लावलेला, बाप्तिस्म्याला घालतात तसा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"आता झालाच आहे तर एक फोटो तरी काढू. पोरीला मी समजावते. म्हणेन, तुझ्या बापाने केलाय, आता राग धरून काय करणार?"

पुढचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही. शुक्रवारी दुपारी मी तिला म्हणालो, चल, झल्लाकच्या किनाऱ्यावर जाऊन येऊ. समुद्राकडे तोंड करून गाडी लावली. लोक तंबू लावत होते, मांस भाजत होते.

"मी तो केला नव्हता," मी म्हणालो.

"काय केला नव्हतास?"

"बाप्तिस्मा. पाणी हातात घेतलं होतं. विहीणबाईंनी हात धरला. मी तुला खोटं सांगितलं."

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सहा महिने," ती म्हणाली, "मी रोज देवाचे आभार मानले. कशाबद्दल मानले मी?"

मी एसी वाढवला.

"आणि तू शेजारी बसून आमेन म्हणालास."

"हो."

"घरी चल."

ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवण वाढायची, पण ताट माझ्यापुढे सरकवायची नाही, ओट्यावरच ठेवायची. रोझरी एकटीने, बेडरूमचं दार लावून. झगा बॅगेत भरते की नाही याकडे माझं लक्ष होतं. तिने तो कपाटात वर टाकला. विमानतळावर तिला सोडताना मी विचारलं, "तिथे काय करणार आहेस?" ती म्हणाली, "तुला कशाला सांगू?" आणि आत गेली.

तीन आठवडे ती तिकडे होती. रोज बाळाचे फोटो यायचे, त्यांच्याखाली एक ओळही नसायची. या फोटोंमागे काय चाललंय याचा अंदाज बांधत मी ड्युटी करायचो. एकदा बॅगा चुकीच्या पट्ट्यावर जाऊ दिल्या, सुपरवायझरने ऐकवलं. मुलीला फोन करावा म्हणून कितीदा नंबर काढला आणि बंद केला. ती आता सगळं जाणून असेल. तिचा बाप तिच्या पोरीला घेऊन झऱ्यावर काय करायला गेला होता ते.

बायको परत आली तेव्हा मी विमानतळावर ड्युटीवरच होतो. गणवेशातच तिला घ्यायला गेलो. गाडीत बसून आम्ही मनामाकडचा पूल ओलांडला.

"विचारलंस?" शेवटी मीच म्हणालो.

"विचारलं. पहिल्याच दिवशी. तोंडावर विचारलं."

"मग?"

"नाही म्हणाली. मोठी झाल्यावर तिची ती ठरवेल म्हणाली. मी रडले. तीही रडली. मग भात झाला होता, आम्ही जेवलो."

"आणि माझं? सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

सिग्नल हिरवा झाला, मागून कोणीतरी हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पपाने मला विचारलं का नाही?"

हूरा आलं. घराजवळ जागा मिळेना म्हणून मी दोन गल्ल्या फिरलो. शेवटी बायकोच म्हणाली, "खलास, पुरे झालं, इथेच लाव. चालत जाऊ." मी तिची बॅग घेतली. ती जड होती. बायको पुढे चालत होती, मी मागे, आणि कोपऱ्यावर ती थांबून माझी वाट बघत उभी राहिली.