निकानोरची चार पावलं

निकानोर चोलोतिओ हाडं बसवायचा. तळ्याकाठच्या उतारावर कॉफी तोडताना दर हंगामात दहा-बारा जणांचे पाय मुरगळायचे आणि ते सगळे त्याच्याच ओट्यावर येऊन बसायचे. ज्यांना हलता येत नसे त्यांच्याकडे तो स्वतः डोंगर चढून जायचा. आधी रुमालात गुंडाळलेलं बोटभर हाड खिशातून काढायचा. लहानपणी ते त्याला वाटेत सापडलं होतं, आणि हे काम कर म्हणून स्वप्नही पडलं होतं. हाड दुखऱ्या जागेवरून फिरवलं की मोडलं असेल तिथे चिकटून थांबायचं. मग तो म्हणायचा, "चार पावलं चालून दाखव." चालता आलं नाही, घोट्याच्या हाडावर बोट टेकताच माणूस ओरडला, किंवा पायाची बोटं गार लागली, की सरळ होडीत बसवून पलीकडच्या सरकारी दवाखान्यात पाठवायचा. "हे माझ्या हातातलं नाही," म्हणायला तो कधी लाजला नाही. बाकीच्यांचा पाय पट्टी बांधून उंच ठेवायचा आणि सूज उतरली की त्यांना हळूहळू चालवायचा. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही पाय वाकडा झाला नव्हता. त्याचा त्याला माज होता, आणि तो शोभायचाही.

साठाव्या वर्षी ओल्या पायवाटेवर तोच घसरला. पाय आत वळला, काडकन आवाज आला. घरी पोचेपर्यंत घोटा भोपळ्याएवढा झाला. बायको चोना घेवड्याचं भांडं चुलीवरच टाकून धावली.

"हाड फिरवून बघितलंत?"

"बघितलं. कुठं नाही थांबलं."

साफ खोटं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला ते असं चिकटलं होतं की त्याला ओढून काढावं लागलं होतं.

"मग चार पावलं चाला."

"मला शिकवतेस?"

"अख्ख्या गावाला चालवता ना? चाला."

टोपीची कड दातांत धरून तो चार पावलं चालला आणि खाटेवर कोसळला.

"हे काय चालणं झालं? मी होडी थांबवायला सांगते."

"हाडं बसवणारा डॉक्टरकडे गेला, तर उद्या ओट्यावर काळं कुत्रं फिरकणार नाही. गप बस."

मूर्खपणाच, दुसरं काय! दुसऱ्या कुणाचा पाय असता तर त्याने हातही लावला नसता. स्वतःचा मात्र रोज तेल लावून चोळला, आठव्या दिवशी त्यावर भार देऊन कामाला लागला. तीन महिन्यांत पाऊल तिरकं झालं. सकाळी उठून उभं राहता येईना, तेव्हा दोन पुतण्यांनी त्याला खुर्चीत बसवून होडीपर्यंत उतरवलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पायाचा एक्स-रे फोटो उजेडात धरला.

"घोटा मोडला होता, ताता. वाकडा जुळलाय, सांधाही गेलाय. पहिल्या आठवड्यात आला असता तर प्लास्टरवर भागलं असतं. आता काठी कायमची. डोंगर विसराच." मग त्यांचा आवाज चढला. "आणि मोडलेल्या हाडावर चोळलं कुणी?"

निकानोरने खिशातला रुमाल मुठीत आवळला. चोना फरशीकडे बघत राहिली.

"आहे एक आमच्या गावात," तो म्हणाला.

"त्याच्याकडे कुणालाही जाऊ देऊ नका. सांगाल ना गावात?"

"सांगतो," निकानोर म्हणाला.