गिनीबाईंची रिकामी चौकट

बाईंच्या बोलण्यात एक गृहस्थ वारंवार यायचे. "आमचे सरासरीराव यंदा आणखी श्रीमंत झाले हो," असं त्या सकाळी कोट काढता काढता म्हणायच्या, आणि ऑफिसात नव्याने आलेल्या मराठी माणसाला वाटायचं की हा बाईंचा कुणी दीर किंवा व्याही असणार. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा मी भीत भीत विचारलं, "बाई, ते इथेच असतात का, स्लाऊमध्ये?" बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "अरे, ते कुठेच नसतात. तेच तर दुःख आहे."

सरासरीराव म्हणजे इक्वेटोरियल गिनी नावाच्या देशाचा सरासरी माणूस. आमचं ऑफिस लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, बाथरूमच्या टाइल्सच्या एका गोदामावर. तिथे आम्ही दरवर्षी एक जाडजूड संदर्भग्रंथ तयार करायचो. प्रत्येक देशाला एक पान. क्षेत्रफळ, लोकसंख्या, भाषा, पाऊस, शाळा, निर्यात, दरडोई उत्पन्न. बँका, विमा कंपन्या, जहाजवाले तो विकत घ्यायचे. बाई नोकरीला लागल्या तेव्हा कुणालाच नको असलेला देश त्यांच्या गळ्यात पडला होता. कोको आणि लाकूड, बाकी तक्ता जवळजवळ कोरा. पुढे तिथल्या समुद्रात तेल सापडलं आणि ज्यांनी पूर्वी नाकं मुरडली होती त्यांना एकदम त्या पानाबद्दल प्रेम वाटू लागलं. बाईंनी पान सोडलं नाही. "कोकोच्या दिवसांत कुठे होतात?" एवढंच त्यांनी विचारलं म्हणे. इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळे त्यांना गिनीबाई म्हणायचे. एका गणपतीला तर नागपूरहून नवीन आलेल्या एका वहिनींनी त्यांना सोन्याचा भाव विचारला होता.

तेल आल्यावर सरासरीरावांचं नशीब फळफळलं. दरडोई उत्पन्नाच्या रकान्यात ते एक वेळ युरोपातल्या बऱ्या बऱ्या देशांच्या पंगतीला जाऊन बसले. बाईंना मात्र त्यांचा राग राग यायचा. त्याच पानावर खाली बालमृत्यू, शाळा, पिण्याचं पाणी असे रकाने होते, आणि तिथे काही हलत नव्हतं. "एवढा पैसा आलाय मेल्याकडे आणि पोरांना शाळेत घालत नाही," बाई आकड्यावर पेन्सिल आपटत म्हणायच्या. "कुठे उधळतोय कोण जाणे. मला एकदा भेटूच दे."

भेटायची इच्छा थट्टेतली नव्हती. तो देश एकदा बघायचा, हे त्यांचं फार जुनं ठरलेलं होतं. सरकारी पत्रकं वाचता यावीत म्हणून त्या लायब्ररीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकल्या होत्या, कारण तिथली कारभाराची भाषा ती. पण आधी यजमान आजारी पडले, मग ते गेले, मग व्हिसाचं जमेना, मग गुडघे म्हणाले आता आम्ही येत नाही. तेव्हा बाईंनी मागणं कमी केलं. "देश नको. तिथला एक माणूस भेटला तरी पुरे." इंग्लंडात त्या देशाची माणसं विरळा. बाई बसमध्ये, दवाखान्यात, सुपरमार्केटच्या रांगेत अनोळखी माणसांना सरळ विचारायच्या, "तुम्ही मूळचे कुठले?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. या देशात हा प्रश्न किती नाजूक झालाय हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारायच्या. गंमत म्हणजे कुणी रागावलेलं मला आठवत नाही. घाना, सोमालिया, एकदा चक्क इथलंच वुल्व्हरहॅम्प्टन, अशी उत्तरं यायची. गिनी यायची नाही.

त्यांची आवडती माहिती एकच होती, आणि ती त्या कुणालाही ऐकवायच्या. देशाच्या नावातच विषुववृत्त आहे, पण ती रेघ त्या देशाच्या जमिनीवरून जातच नाही. मुख्य भूमी रेघेच्या वर, एक चिमुकलं बेट पार खाली, आणि रेघ मधल्या पाण्यातून. राजधानी मलाबो, तीही त्या वेळी मुख्य भूमीपासून लांब दुसऱ्याच एका बेटावर. "म्हणजे बघ," बाई म्हणायच्या, "नाव एकीकडे, जमीन दुसरीकडे आणि दरबार तिसरीकडे. अशा देशाची माहिती एका पानात मांडायची तर माणसाने जरा जपून राहायला नको?"

जपून राहणं म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती. जे माहीत नाही ते भरायचं नाही. खात्रीचा आकडा मिळाला नाही की त्या चौकटीत त्या 'उपलब्ध नाही' असं लिहायच्या, आणि त्यांचं पान सगळ्या ग्रंथात सर्वांत विरळ दिसायचं. आमचा मॅनेजर गॅरेथ, तसा भला वेल्श माणूस, त्या चौकटींनी कासावीस व्हायचा. गिऱ्हाइकांना रिकामं आवडत नाही, असं त्याचं म्हणणं. मग एक सॉफ्टवेअर आलं. ते शेजारच्या देशांवरून अंदाज बांधून सगळ्या चौकटी आपोआप भरायचं. मीटिंगमध्ये गॅरेथने कौतुकाने बाईंचं भरगच्च पान पडद्यावर दाखवलं. घरात नळ असलेली कुटुंबं: आकडा. दशांश चिन्हासकट.

बाई शांतपणे म्हणाल्या, "गॅरेथ, माझ्या घरी खिडकीपाशी माझ्या नवऱ्याची खुर्ची आहे. रिकामी असते. मी तिच्यावर उशी ठेवून तिला नवरा म्हणत नाही."

गॅरेथ कानापर्यंत लाल झाला. त्याने माझ्याकडे बघितलं, कारण ते सॉफ्टवेअर चालवणार होतो मी. मी म्हणालो, "सॉरी." कुणाला म्हणालो ते मलाही कळलं नाही. शेवटी गॅरेथने तडजोड केली: बाकी सगळे देश भरायचे, बाई आहेत तोवर गिनी तशीच राहील.

घरी जाताना मी पुन्हा माफी मागू लागलो तेव्हा बाईंनी मला पार्किंगमध्येच थांबवलं. "मिलिंद, चहा सांडला तरी तू माफीपत्र लिहितोस. पुरे. आणि मी हट्ट करते असं वाटतं ना तुला? अरे, जागा रिकामी ठेवली तर ज्याची आहे तो कधीतरी येऊन बसेल. तिथे भलताच बसवून ठेवला तर तो आल्यावर उभाच राहणार."

माझ्या अपराधीपणाचं खरं कारणही त्यांना ठाऊक होतं. आई नाशिकला एकटी. वडील गेले तेव्हा मी विमानात होतो. मी आईला रोज फोन करायचो, एकही दिवस न चुकता, आणि फोन ठेवल्यावर दुप्पट वाईट वाटायचं. एकदा मी हे बाईंपाशी बोलून दाखवलं, आणि जरा अभिमानानेच म्हणालो की रोज करतो हो मी फोन. "वा," बाई म्हणाल्या, "सरासरी उत्तम आहे. बोलतोस काय?"

"हेच. बरी आहेस ना, औषध घेतलंस ना, यायला जमत नाही गं…"

"म्हणजे तक्ता भरतोस. आणि वर आपलंच रडगाणं. त्यापेक्षा आज काय जेवलीस ते विचार. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस."

त्या संध्याकाळी मी विचारलं. आई थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "काही नाही रे, दुपारची खिचडी होती." आणि मग खिचडीवरून शेजारच्या काकूंच्या सुनेवर, सुनेवरून बिल्डिंगमधल्या बंद लिफ्टवर, लिफ्टवरून गुडघ्यावर. लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. आई चार मजले चढत होती आणि मी रोज तिला 'बरी आहेस ना' विचारत होतो.

पुढे बाईच घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून घरी आल्या, पण हिंडणं फिरणं संपलं. दिवाणखान्यातच पलंग लावला. मुलगी अंजली लीड्सला, ती शनिवार-रविवारी जमेल तशी यायची. एरवी कौन्सिलने लावून दिलेल्या केअरर, म्हणजे देखभाल करणाऱ्या बायका येऊन-जाऊन. मी शनिवारी दुपारी कढी-भाताचा डबा घेऊन जायचो आणि स्टुलावर बसायचो. खिडकीपाशी ती तपकिरी उंच पाठीची खुर्ची होती, पण तिच्यावर कुणी बसत नसे. पाहुणे जास्त झाले तर स्वयंपाकघरातून खुर्च्या यायच्या.

एका शनिवारी नवीन केअरर आली. तिचं नाव कोन्सुएलो. चाळिशीची, गणवेशाचा निळा अंगरखा, घाईत. एजन्सीने सांगितलं होतं स्पॅनिश बाई आहे. बाईंनी लगेच आपलं स्पॅनिश परजलं. कोन्सुएलो हसली, उत्तर दिलं, आणि मग दोघी माझ्यासाठी इंग्रजीवर आल्या.

"मूळची कुठली गं तू?"

"स्पेन," ती पांघरूण झटकत म्हणाली.

"आणि स्पेनच्या आधी?"

मी डोळे मिटून घेतले.

"आफ्रिका."

"आफ्रिकेत कुठे?"

"मॅडम, छोटा देश आहे. तुम्हाला माहीत नसणार. कुणालाच नसतो. नाव सांगितलं की लोक म्हणतात, हां हां, घाना. म्हणून मी स्पेन सांगते."

बाईंनी उशीवरून मान उचलली. "राजधानी मलाबो? बेटावर?"

कोन्सुएलोच्या हातातलं पांघरूण तसंच राहिलं.

"आणि विषुववृत्त," बाई म्हणाल्या, "नावात आहे, पण जमिनीवर नाही. पाण्यातून जातं."

कोन्सुएलो मागे सरकली आणि खाली बसली. तिच्या मागे जी खुर्ची होती तीत. खिडकीपाशीच्या खुर्चीत. मी उठायला लागलो, तिला सांगायला. बाईंनी पलंगावरूनच दोन बोटं हलवली, आणि मी परत बसलो.

"इथे आल्यापासून," कोन्सुएलो म्हणाली, "पहिल्यांदा कुणीतरी..." आणि हाताच्या पाठीने डोळे पुसून हसायला लागली.

मला वाटलं, आता बाई विचारतील. शाळा, पाणी, तेलाचे पैसे. इतक्या वर्षांचे प्रश्न साठले होते. बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाता तुम्ही लोक?"

ती सांगू लागली. ती बाता शहराची, मुख्य भूमीवरची. घरी पाव आणि कॉफी, पण आजीच्या गावी कसावाचा कंद वाटून, पानात गुंडाळून, दोरीने बांधून उकडलेला. "पानात?" बाई जवळजवळ ओरडल्या. "मिलिंद, ऐकलंस? पानगीच्या जातीतलं आहे रे हे!" मग पानगी म्हणजे काय ते तिला समजावलं. मग मासे. मग आजी. कोन्सुएलोची पुढच्या घरची व्हिजिट चुकत होती, फोन वाजत होता, पण ती उठेना.

ती निघताना बाईंनी तिला सरासरीरावांची गोष्ट सांगितली. तो श्रीमंत माणूस, ज्याला त्या इतकी वर्षं शोधत होत्या. कोन्सुएलो खुर्चीचा हात धरून हसली. "मी पण नाही बघितला कधी. तुम्हाला भेटला तर त्याला सांगा, माझ्या आईच्या दारात अजून नळ नाही."

बाई हसल्या नाहीत. "तो आता नाही भेटला तरी चालेल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सरासरीरावांचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. कोन्सुएलोचं मात्र दर शनिवारी. तिची आई, तिची दोन मुलं, ती मुलं आईची भाषा कशी बोलत नाहीत. बाईंनी मला ऑफिसातून आपल्या पानाची प्रत आणायला लावली आणि ती तिला मुलांसाठी दिली. कोन्सुएलोने ती नीट वाचली, एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कोरं का? बाई म्हणाल्या, "आम्हाला माहीत नव्हतं. खोटं लिहायचं नव्हतं." कोन्सुएलोने पानाची घडी घातली आणि अंगरख्याच्या खिशात, छातीपाशी ठेवली.

बाई हिवाळ्यात गेल्या, झोपेतच. कोन्सुएलो दोन व्हिजिटच्या मधल्या वेळात निळ्या अंगरख्यातच क्रेमेटोरियमला आली आणि शेवटच्या बाकावर बसली. घर आवरताना अंजलीने मला विचारलं, "मिलिंददादा, बाबांचा खुर्ची कोणाला देऊ? चॅरिटी शॉप?" तिचं मराठी ऐकून एरवी बाई कपाळाला हात लावायच्या. मी म्हणालो, "तुझी हरकत नसेल तर मी सांगतो कुणाला द्यायची." ती खुर्ची आम्ही दोघांनी कोन्सुएलोच्या फ्लॅटवर नेली. लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने वर चढवली. दार उघडल्याबरोबर तिच्या धाकट्याने तीत उडी मारली आणि पाय हलवत आमच्याकडे बघत राहिला.

परवा गॅरेथ माझ्या टेबलापाशी आला. यंदाचं गिनीचं पान माझ्याकडे आहे. त्याला बाई गेल्याचं खरंच वाईट वाटतं; त्यांचा कॉफीचा मग त्याने अजून हलवू दिलेला नाही. पण तो म्हणाला, "आता ते पान सॉफ्टवेअरला देऊन टाकू या. तसं ठरलंच होतं ना? रिकाम्या जागा बऱ्या दिसत नाहीत."

"नको," मी म्हणालो. "त्या जागा कुणाच्या तरी आहेत."

त्याने मान हलवली आणि तो गेला. संध्याकाळी आईला फोन लावताना माझ्या लक्षात आलं, आपण गॅरेथला सॉरी म्हणालो नाही. मग पलीकडून आईचा आवाज आला आणि मी विचारलं, "आज काय जेवलीस?"